वन्संची बाग

९ मार्च

ती. वन्सं,

नमस्कार. पत्राला उशीर झाला, कारण तुमची वहिनी आता बागप्रेमी झाली आहे. हसू नका.

हे निवृत्त झाले आणि दिवसभर स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मला सूचना द्यायला लागले. भाजी अशी चीर, गॅस एवढा ठेव. म्हणून यांना घराबाहेर काढण्यासाठी इथल्या बागप्रेमी मंडळात आम्हा दोघांची नावं घातली. यांनी दुसऱ्याच सभेला गुडघा पुढे केला आणि घरी बसले. वर्गणी वर्षाची भरली होती, ती परत मिळत नाही. मग जायचं कुणी? मी.

छत्तीस बायका आणि चार नवरे, असं हे मंडळ. नवरे पिशव्या धरायला. अध्यक्षीणबाई नेहमी टोपी घालतात आणि टोपीवर कापडाचं फूल असतं. मंडळ बागप्रेमी, अध्यक्षीण कापडाचं फूल लावणारी, यावरून काय ते समजा. पाठीमागे सगळ्या त्यांना टोपीवाली म्हणतात, पुढ्यात ताई. दुसरी एक दातांची डॉक्टरीण आहे. तिला प्रत्येक झाडाचं शास्त्रीय नाव येतं. मी वाचनालयातून पुस्तक आणून ताडून पाहिलं, चारातलं एक बरोबर असतं. पण म्हणते अशा थाटात की झाडालाच वाटावं, आपलं नाव इतके दिवस चुकलं.

मागच्या रविवारी वसंत सहल झाली. बसने दोन तास, एका गुलाबाच्या बागेत. तिथे पोचल्यावर एकीनेही फुलाकडे पाहिलं नाही. सगळ्या फुलांकडे पाठ करून फोटोला उभ्या. गुलाबांनी बिचाऱ्यांनी आमच्या पाठी पाहिल्या. मी एकटी वाफ्यापाशी बसले आणि देवाचं नाव घेतलं, तर टोपीवाली म्हणते, "काही दुखतंय का तुम्हाला?"

आता कामाचं. मंडळाची पद्धत अशी की वर्षाच्या चार सहली, आणि प्रत्येक सहल एकेका सभासदाने आपल्या ओळखीच्या खाजगी बागेत न्यायची. चिठ्ठ्या टाकतात. हिवाळ्याची चिठ्ठी माझ्या नावाची निघाली. तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे यंदा तेलाचे डबे बघायचे." मी गच्चीत डब्यांत झाडं लावते हे त्यांना कुठून कळलं देव जाणे. सगळ्या हसल्या. मी उभी राहिले आणि म्हटलं, "माझ्या नणंदेची अर्ध्या एकराची बाग आहे. शेवंतीचेच चाळीस प्रकार आहेत." हशा थांबला.

तेव्हा वन्सं, डिसेंबरात एक दुपार आम्हाला बाग दाखवाल ना? खायला-प्यायला काही नको, डबे आमचे आम्ही आणू. मी शब्द दिला आहे. सहा वर्षांत आपली भेट नाही, तीही होईल.

तुमची,
वहिनी


३० मार्च

वहिनी,

पत्र मिळालं. यापुढे वर लिहिलेल्या पोस्टाच्या पेटीच्या नंबरावर पाठवत जा. घरी येणाऱ्या पोस्टमनचा भरवसा नाही.

शेवंतीचे प्रकार बावन्न होते. चाळीस कुठून काढलेस? फुशारकी मारायची तर पुरती तरी मारावी.

गच्चीतल्या डब्यांना खाली भोकं पाडलीस का? गेल्या खेपेला मी पाहिले तेव्हा निम्म्या डब्यांत पाणी साचून मुळं कुजत होती, आणि तू वरून आणखी पाणी घालत होतीस. झाडं भक्तीने जगत नाहीत. प्रत्येक डब्याला खिळ्याने पाच भोकं पाड आणि खाली विटेचे तुकडे घाल. शेवंतीचे फुटवे आत्ता वेगळे करून लावलेस तर हिवाळ्यात फुलं दिसतील.

दातांच्या डॉक्टरणीला म्हणावं, शास्त्रीय नाव येत नसेल तर गप्प बसणं हेही शास्त्रच आहे.

सहलीचं हिवाळ्यात बघू. हिवाळा लांब आहे.

माझ्या भावाला गुडघ्याला शेक द्यायला सांग.


२१ जून

ती. वन्सं,

नमस्कार. भोकं पाडली. सात डब्यांतून काळं पाणी निघालं. तुम्ही लिहिलंत ते वाचून राग आला होता, पण पाणी बघून गेला.

उन्हाळी सहल एका लाकडाच्या व्यापाऱ्याच्या बागेत झाली. बाग कसली, दगडांचा ढीग, आणि मधे मधे काटेरी झाडं, जणू दगडांनाच काटे फुटलेत. व्यापारी स्वतः खुर्चीत बसून प्रत्येक दगड कुठून आणला ते सांगत होता. दीड तास. ऊन मी म्हणत होतं. टोपीवाली "अप्रतिम, अप्रतिम" करत होती. चौदा वेळा म्हणाली, दुसरं करायला काही नव्हतं म्हणून मी मोजलं.

खरी गंमत पुढे. या बायका कुठल्याही बागेत गेल्या की फांद्या चोरतात. छत्री उघडतात, छत्रीआड कात्री चालते, ओल्या रुमालात फांदी जाते. दातांच्या डॉक्टरणीने एका काटेरी झाडाचा तुकडा चष्म्याच्या घरात घातला. मी म्हटलं, "अहो, विचारून तरी घ्या." ती म्हणाली, "झाडं देवाची असतात." मी म्हटलं, "देवाची असली तरी कुंपण लाकूडवाल्याचं आहे." परतताना बसमध्ये सवयीने तिने चष्म्याचं घर उघडून आत बोटं घातली. केवढी किंचाळली! ड्रायव्हरने बस थांबवली. देव बघत असतो, वन्सं, आणि कधी कधी लगेच बघतो.

हिवाळी सहलीचं पत्रक छापून झालं. सोबत पाठवते. "अर्ध्या एकराची खाजगी बाग, शेवंतीचे बावन्न प्रकार." तुमचा बावन्नचा आकडा मी दुरुस्त करून दिला. त्या दिवसापासून मला बसमध्ये पुढच्या बाकावर बसवतात, टोपीवालीच्या शेजारी. वन्सं, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. चाळीस वर्षं भांडी घासून मला कुणी पुढच्या बाकावर बसवलं नव्हतं.

डिसेंबरातला दुसरा रविवार चालेल का, ते कळवा. बस आधी ठरवावी लागते.


१५ जुलै

वहिनी,

पत्रक पाहिलं. मला न विचारता छापलंत. मी "बघू" म्हटलं होतं, "या" म्हटलं नव्हतं.

हिवाळ्यात जमणार नाही. पुढच्या अंगणाची माती खणून काढायची आहे, मागच्या बाजूला पाण्याच्या नळाचं काम निघालं आहे, सगळीकडे चिखल असेल. शिवाय तुझ्याच पत्रावरून कळतं की या बायका कशा आहेत. छत्रीआड कात्र्या चालवणाऱ्या छत्तीस बायका मी वाफ्यांत सोडू? बागेकडे पाठ करून फोटोच काढायचे तर त्यांनी एखाद्या भिंतीपुढे उभं राहावं, काय फरक पडतो.

आणि पुढच्या बाकासाठी एवढा जीव टाकू नकोस. बसचा पुढचा बाकही मागच्याबरोबर तिथेच पोचतो.

फुटवे लावलेस का ते लिहिलं नाहीस.


४ सप्टेंबर

वन्सं,

नमस्कार लिहिते, कारण तुम्ही वडीलधाऱ्या आहात.

भर सभेत उभं राहून मला सांगावं लागलं की बाग रद्द. का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, माती खणायची आहे. दातांची डॉक्टरीण म्हणाली, "नणंद तरी आहे ना? की तीही खणायला काढली?" छत्तीसजणी हसल्या. चार नवरेसुद्धा हसले, ज्यांना त्या मंडळात हसायची परवानगी नाही. त्यानंतरच्या पावसाळी सहलीत मी बसच्या मागच्या बाकावर होते, चाकाच्या वर, जिथे प्रत्येक खड्डा मणक्यात येतो.

मी मॅट्रिक झालेली बाई आहे. तुम्ही पदवी घेतलीत, नवऱ्याबरोबर बंगला बांधलात, बाग केलीत. देवाने तुम्हाला दिलं, मी कधी डोळा लावला नाही. भावोजी गेले तेव्हा मी महिनाभर तुमच्या स्वयंपाकघरात होते. बंगल्यात माणसांची ये-जा होती आणि तुम्ही बागेत जाऊन बसत होतात. मी एक अक्षर बोलले नाही. निघताना तुम्ही म्हणालात, "वहिनी, चहात पत्ती फार कमी घालतेस." इतक्या वर्षांत तुमच्याकडे मी काय मागितलं? एक दुपार. चार फुलं बघायला. चिखल असता तर चपला हातात घेऊन चाललो असतो. सरळ लिहा ना, की आमची माणसं तुमच्या फाटकातून आत यायच्या लायकीची नाहीत.

मंडळाने हिवाळी सहल आता तुमच्याच गावच्या पुष्पप्रदर्शनाला ठरवली आहे. डिसेंबरातला दुसरा रविवार. पाच मिनिटं फाटकात उभ्या राहून हात हलवाल का? बसमधूनच बघतील. नणंद आहे एवढं दिसलं तरी पुरे.


२६ नोव्हेंबर

वहिनी,

त्या आठवड्यात मी गावात नाही. मुलाकडे जाते आहे.

प्रदर्शन बघून घ्या. घराकडे येऊ नका, बंद असेल.


२० डिसेंबर

ती. वन्सं,

नमस्कार. आमची सहल झाली. तुम्ही गावात नव्हता, तेव्हा तुमच्या दारावरून कशाला जायचं, म्हणून बस वळवली नाही. मुलाकडे खुशाल असाल.

प्रदर्शन मोठं होतं आणि बहुतेक सगळं ढोंग. एक भोपळा ठेवला होता, वासराएवढा. कशाला? खाऊन संपणार नाही, चव नसणार, आणि दोन माणसं लावून उचलायचा. भोपळा खाण्यासाठी वाढवायचा की गर्वासाठी, हे त्या वाढवणाऱ्याला विचारायला हवं. दुसरीकडे वीस बोन्साय. झाडाला जन्मभर उपाशी ठेवायचं, तारेने बांधायचं, आणि पाटी लावायची "संयम". संयम झाडाचा, बक्षीस मालकाचं.

फक्त एका ठिकाणी माझे हात जोडले गेले. पांढरी शेवंती होती. एकच झाड, पण डवरलेलं, पाकळी पाकळी आत वळलेली. पहिलं बक्षीस मिळालं होतं. अशी फुलं माणसाच्या हातून होत नाहीत, देव करवून घेतो. खाली कुणा गिरणीच्या मालकीणबाईचं नाव होतं. त्या स्वतः तिथे खुर्चीवर बसल्या होत्या. मी विचारलं, "खत काय घालता?" त्या म्हणाल्या, "माळ्याला विचारा."

बाहेर रोपवाटिकांच्या विक्रीच्या जागा होत्या. तिथला प्रकार तुम्हाला सांगायलाच हवा, म्हणजे तुमच्या गावची माणसं कशी आहेत ते कळेल. एका ठिकाणी एक माळीण फवारणीचा पंप ठेवून रोपं विकायला उभी होती. तोंडाला औषधासाठी बांधलेलं फडकं, डोक्यावर टोपी, नुसते डोळे दिसत होते. मी छान फुललेली एक पिवळी शेवंती उचलली. किंमत विचारली. ती बोलली नाही, पाटीकडे बोट केलं. मी म्हटलं, "अर्ध्यात द्या, परवा संध्याकाळी तसंही फेकून द्याल." ती माझ्याकडे बघत राहिली. कसं बघत होती! गिऱ्हाइकाकडे असं बघतात का? मी म्हटलं, "हात धुतलेत का औषधाचे? मग रोपाला हात लावा." आणि काय केलं तिने, वन्सं? माझ्या हातातलं फुललेलं रोप काढून घेतलं आणि दुसरंच एक दिलं, सगळ्या नुसत्या मुठी मिटलेल्या कळ्या, एक फूल नाही. म्हातारी बाई बघून न खपणारा माल माथी मारायचा!

मी सोडते का? सरळ मालकाला गाठलं. टोपीवाली बरोबर होती, ती म्हणाली, "अशा लोकांना चढवून ठेवलंय." मालक आला, त्याने सगळ्यांदेखत तिला झापलं. "गिऱ्हाईक मागेल ते द्यायचं, तुझी अक्कल नको." ती मान खाली घालून आतल्या बाजूला गेली. मला फुललेलं रोप अर्ध्या किमतीत मिळालं. परतताना टोपीवालीने मला पुढच्या बाकावर बोलावलं. "तुम्ही बरं ठणकावलंत हो," म्हणाली.

तुमच्या बागेला असली माळीण ठेवू नका.


११ जानेवारी

वहिनी,

माळीण मी होते.

तू जे लिहिलंस ते सगळं बरोबर आहे, फक्त दोन गोष्टी तुला माहीत नाहीत. तू उचललेल्या फुललेल्या रोपाच्या मुळाशी कीड होती. ती कुंडी मी दुपारीच बाजूला काढली होती, कुणीतरी परत पुढे ठेवली. तुला दिलेलं कळ्यांचं रोप निरोगी होतं, महिनाभर फुललं असतं. आणि मी तुझ्याकडे बघत राहिले ते "वहिनी" म्हणून हाक मारायचा धीर होईना म्हणून. फडकं सोडायला हात वर नेला होता. तेवढ्यात तू विचारलंस, हात धुतलेत का.

आता राहिलेलं सांगून टाकते, म्हणजे तुला चौकशी करायला नको. बंगला तीन वर्षांपूर्वी विकला. तुझी पत्रं जुन्या पत्त्यावरून पोस्टातले लोक माझ्याकडे पाठवायचे. मुलगा म्हणाला, "आई, एवढं मोठं घर एकटीला कशाला?" मी सही केली. तुझ्या मॅट्रिकला कळलं असतं ते माझ्या पदवीला कळलं नाही. त्याने वर्षभर मला आपल्याकडे ठेवलं. मग सुनेला खोली हवी झाली. बागेच्या जागी आता एका दवाखान्याच्या मोटारी उभ्या असतात. बावन्न प्रकारांपैकी नऊ मी पिशवीत घालून आणले. या रोपवाटिकेत दोन वर्षं झाली. बियाण्याच्या कोठारावर मला एक खोली आहे, खिडकी आहे, पगार आहे. डिसेंबरात मी मुलाकडे गेले नव्हते हे वेगळं सांगायला नको.

जिच्यापुढे तू हात जोडलेस ती पांढरी शेवंती मी वाढवली. त्या मालकीणबाई दरवर्षी प्रदर्शनाआधी एक गाडी पाठवतात आणि रोपं घेऊन जातात. त्यांना खत विचारलंस ते ठीक. मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं. तेवढाच प्रश्न तू त्या दिवशी योग्य माणसाला विचारला नाहीस.

प्रदर्शनात गिऱ्हाइकांसमोर उभं करतात ते फक्त जाणत्या माणसाला. मला यंदा पहिल्यांदा उभं केलं होतं. तुझ्या तक्रारीनंतर उरलेले दोन दिवस मी मागे कुंड्या उचलत होते.

माझ्या भावाला काही सांगायची गरज नाही. आणि तुझ्या मंडळालाही नाही. त्यांच्या हिशेबी तुझी नणंद ही एक रचलेली गोष्टच होती, ती तशीच राहू दे. तेवढं तरी माझ्यासाठी कर.


२४ फेब्रुवारी

ती. वन्सं,

चार पत्रं लिहिली आणि फाडली. हे पाचवं पाठवते आहे, कारण कागद संपला.

देवापुढे बसले की तुमचे ते डोळे दिसतात. सहा वर्षं तुमची पत्रं वाचली, आणि माझ्या हाताएवढ्या अंतरावर तुम्ही उभ्या असताना मी औषधाचे हात बघितले. फडक्याचं निमित्त मला काढता येईल. पण फडकं नसतं तरी मी तुमच्या तोंडाकडे बघितलं असतं का? रोपं विकणाऱ्या बाईच्या तोंडाकडे मी आजवर कधी बघितलं? या बायकांना मी वर्षभर नावं ठेवली की त्या फुलांकडे पाठ करतात. मी माणसाकडे केली.

फुललेलं रोप नवव्या दिवशी गेलं. मुळाशी कीडच होती.

तुम्ही सांगितलंत की कुणाला सांगू नको. यांना सांगितलं. नवऱ्यापासून लपवणं मला जमत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. हे दोन दिवस जेवायला बसायचे आणि उठायचे. मग म्हणाले, "ताईला आणायला जातो." मी म्हटलं, आधी विचारा, ती काय कुंडी आहे का उचलून आणायला?

आणि मंडळाला सांगितलं. आता रागवा. पण आधी ऐका.

परवा वार्षिक सभा होती. टोपीवाली नव्या वर्षाच्या सहली ठरवत होती. मधेच थांबून गोड आवाजात म्हणाली, "आणि तुमच्या नणंदेची बाग, ती यंदा तरी सापडेल का?" पुन्हा तोच हशा. दातांच्या डॉक्टरणीने तर टाळी दिली. माझ्या जिभेवर होतं, "यंदाही जमणार नाही." तुम्ही म्हणालात तसंच राहिलं असतं. पण वन्सं, त्या हसत होत्या ते तुम्ही नाही आहात म्हणून. आणि तुम्ही आहात.

मी उठले. म्हटलं, "बाग विकली गेली. माझी नणंद रोपवाटिकेत नोकरी करते. प्रदर्शनात तोंडाला फडकं बांधलेली जी बाई होती, जिला मी मालकाला झापायला लावलं आणि या ताई म्हणाल्या अशा लोकांना चढवून ठेवलंय, ती माझी नणंद. पहिल्या बक्षिसाची पांढरी शेवंती, जिच्याशेजारी तुम्ही सगळ्यांनी रांगेने फोटो काढले, ती तिने वाढवली. मी तिला ओळखलं नाही. माझ्यासारखी नालायक भावजय दुसरी नसेल. आता हसा."

मला वाटलं, आता कुणी काही बोलेल. लाज वाटेल, किंवा निदान माझी कीव करतील. टोपीवालीने टोपी सरळ केली. मग तिचा चेहरा एकदम उजळला, आणि म्हणते काय, "अहो, मग आपल्याला रोपं स्वस्तात मिळतील की!"

वन्सं, देवाशपथ, पाच मिनिटांत यादी तयार झाली. कुणाला पांढरी शेवंती, कुणाला पिवळी, दातांच्या डॉक्टरणीला तीन प्रकारची आणि तिन्हींची नावं चुकीची. एक नवरासुद्धा उठून म्हणाला, "आमच्यासाठी दोन कुंड्या." वसंत सहल तुमच्या रोपवाटिकेत न्यायचं एकमताने ठरलं. यादी माझ्या हातात दिली, "तुमच्या नणंदेला सांगून ठेवा हं, घरचीच माणसं म्हणून." घरची माणसं!

मी यादी तिथेच फाडली आणि घरी आले. वर्गणी यंदाचीही भरलेली आहे, ती गेली. जाऊ दे.

हात जोडून क्षमा मागते. एक गोष्ट विचारू का? त्या पांढऱ्या शेवंतीला खत काय घालता?


५ मार्च

वहिनी,

कुजलेल्या पानांचं, सहा महिने मुरवलेलं, आणि कळी धरेपर्यंतच. कळी दिसली की बंद. बाकीचं प्रत्यक्ष दाखवते, लिहून कळत नाही.

पण यादी का फाडलीस, वेडे? बुडीत गिऱ्हाईक आहे का ते? छत्तीस बायका आणि चार नवरे एका बसमधून रोपं घ्यायला येतात, असं वर्षातून किती वेळा होतं? जा, टोपीवालीकडून यादी परत लिहून घे आणि लगेच पाठव. मी मालकाला आधीच सांगितलं, मोठी ऑर्डर येतेय. त्याने विचारलं, सूट किती? मी म्हटलं, घरचीच माणसं आहेत, पूर्ण भाव घ्या. दातांच्या डॉक्टरणीच्या तिन्ही कुंड्यांवर खरी नावं मी स्वतः लिहून लावणार आहे, ठळक.

त्या आल्या की मालक मला पुढे उभं करणार आहे. एवढ्या गिऱ्हाइकांना माझ्याशिवाय कोण सांभाळणार, हे त्याला कळलं आहे. छत्र्या फाटकाबाहेर ठेवायला लावीन.

तू सांगितलंस म्हणून मी दोन दिवस चिडले होते. तिसऱ्या दिवशी पत्र पुन्हा वाचलं. त्या छत्तीसजणींना माझं काय कळतं, याची मला कधी पर्वा नव्हती. तुला कळेल, याचीच होती.

माझ्या भावाला म्हणावं, मला आणायला येऊ नकोस, भेटायला ये. खोलीत दोन खुर्च्या आहेत.

बस बुधवारी ठरवा. मंगळवारी फवारणी असते, तोंड बांधावं लागतं.